ला मेर (समुद्र)

ला मेर : फ्रेंच संगीतकार क्लोद दब्यूसी (१८६२–१९१८) याची वाद्यवृंदासाठी रचलेली, सुमारे चोवीस मिनिटांची कृती. रचनाकाल १९०३ ते १९०५. सिंफनी या रूढ संज्ञेचा बोजा टाळून दब्यूसीने तिला ‘तीन सिंफनिक रेखाटने’ असे उपशीर्षक दिले. त्यांचे विषय अनुक्रमे पहाटेपासून मध्यान्हापर्यंतचा समुद्र, लाटांची क्रीडा आणि वारा व समुद्र यांचा संवाद हे आहेत.

समुद्रावरील या कृतीस आरंभ झाला तो दर्याकिनाऱ्यापासून दूर, बरगंडी प्रांतातील बिशाँ या खेड्यात, आणि तेथून लिहिलेल्या पत्रात दब्यूसीने, आपल्या नशिबी मुळात खलाशाचेच आयुष्य योजलेले होते व समुद्राच्या असंख्य स्मृती आपल्या गाठी आहेत, त्या प्रत्यक्ष दृश्याहून अधिक मोलाच्या, असा खुलासा केला आहे. मुद्रिते मात्र त्याने १९०५ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न येथे तपासली. प्रकाशक द्यूराँ याने काढलेल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर होकुसाई या जपानी चित्रकाराची सुप्रसिद्ध लाट झळकली.

१५ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये कामीय शव्हियार याच्या संचालनाखाली झालेले पहिले वादन फारसे रुचले नाही. पत्नीचा त्याग करून दब्यूसी दुसऱ्या स्त्रीसमवेत राहू लागल्याचा लोकापवादही त्या वेळी ताजा होता. समीक्षक प्येर लालो याने तर या संगीतात आपणास समुद्राचा प्रत्यय कोणत्याच इंद्रियाने येत नाही अशी तक्रार नोंदविली. संगीतकार एरिक साती याची थट्टा अधिक मार्मिक होती : पहिल्या भागातील पावणेअकराच्या सुमाराचा तुकडा आपणास विशेष आवडला, असे तो म्हणाल्याचे सांगतात.

लालोची तक्रार अस्थानी होती, कारण येथे लाटांच्या आवाजाची नक्कल नसून लाटेचा स्वभावच रचनेचे तत्त्व झाला आहे. एखादी लहानशी, बहुधा औडव वळणाची स्वरावली उठते, पूर्ण आकार घेण्यापूर्वीच मोडते आणि निराळ्या वाद्यांच्या रंगात पुन्हा वर येते. पहिल्या भागाच्या मध्यावर चेलोवादकांचे चार गट करून दब्यूसीने सोळा चेलोंची मागणी केली आहे. बहुतेक वाद्यवृंदांना ती झेपत नाही. दुसरा भाग सर्वांत तरल. तिसऱ्यात पहिल्याच्या अखेरीचे पितळी वाद्यांचे गंभीर स्तोत्र परतते, त्यामुळे ही ‘रेखाटने’ नावाला शोभतील इतकी विस्कळीत मुळीच नाहीत. दृक्प्रत्ययवादी हे बिरुद दब्यूसीस स्वतःला नापसंत होते, तरी ते या कृतीस कायमचे चिकटले.

१९०८ मध्ये दब्यूसीने स्वतः कोलोन वाद्यवृंदाकडून तिचे वादन करविले तेव्हा तिचा लौकिक सावरला. १९०९ च्या सुधारित आवृत्तीत त्याने अंतिम भागातील पितळी वाद्यांच्या काही ललकाऱ्या वगळल्या. संचालक एर्नेस्ट आन्सेर्मे मात्र त्या वाजवीत असे, आणि काही संचालक आजही त्या वाजवितात.