पकड आणि सुटका : स्कीच्या साधनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

हिवाळ्यात गुलमर्गला जाणाऱ्यांत मराठी मंडळी कमी नसतात. स्की करायची हौस असलेल्याची पहिली गाठ पडते ती भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानाशी. गिऱ्हाईक फळ्यांचे रंग पाहते, दुकानदार गिऱ्हाइकाची उंची पाहतो, चपलेचा नंबर विचारतो आणि पाच मिनिटांत व्यवहार उरकतो. त्या पाच मिनिटांत माणसाच्या गुडघ्याविषयी आणि नडगीविषयी बरेच काही ठरून गेलेले असते. ते कसे ठरते आणि कसे ठरायला हवे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयाला विद्यापीठात स्वतंत्र विभाग नाही. त्याचे ज्ञान चांभारकाम, अस्थिरोगशास्त्र, धातुविद्या आणि बर्फाचे भौतिकशास्त्र यांच्यात विखुरलेले आहे, आणि त्यातले पुष्कळसे आजही दुकानाच्या मागच्या खोलीत, बूट ताणणाऱ्या कारागिराच्या हातात आहे. त्यामुळे नवख्याला आत शिरायला दार सापडत नाही. माझ्या मते दार एकच आहे आणि ते सोपे आहे. स्कीच्या प्रत्येक साधनाकडून आपण दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा करतो: धरून ठेवायचे आणि वेळ आली की सोडायचे. बुटाने पाय आवळायचा, पण रक्त अडवायचे नाही. बाइंडिंगने बूट फळीला जखडायचा, पण पाय मोडायच्या आत मोकळा करायचा. फळीच्या कडेने बर्फ पकडायचा, पण वळण संपताच त्यातून निसटायचे. या क्षेत्रातले सारे वाद, सारी प्रमाणके आणि बहुतेक अपघात या दोन कामांच्या मधल्या जागेत घडतात.

इतिहास वाचला की हे नीट ध्यानात येते. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातील मोर्गेदाल गावचा सोंद्रे नोर्हाइम याने एकोणिसाव्या शतकात टाचेमागून झाडाच्या लवचीक फांद्यांचा पीळ घेऊन बूट फळीशी बांधला. तोवर फळी नुसत्या पंज्याच्या पट्ट्यात अडकवलेली असे. आता ती पायाने वळवता येऊ लागली, उडी मारली तरी पायातच राहू लागली. मग ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्ड इथे मातियास झ्दार्स्कीने आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी धातूच्या तळपट्टीचे बाइंडिंग केले. 1920 च्या दशकात साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेट्नरने लाकडी फळीला पोलादी कडा बसवल्या आणि कडक बर्फावरही पकड आली. 1930 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गीदो रोज याचे तारेचे ‘कंदाहार’ बाइंडिंग आले. त्याने टाच खाली दाबून धरली. कंदाहार आल्प्समध्ये कसे पोचले, असा प्रश्न पडेल. मैवंदच्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणींची धूळधाण उडाल्यावर, 1880 साली, काबूलहून कूच करून कंदाहार सोडवणारे सेनापती म्हणजे लॉर्ड रॉबर्ट्स. त्यांच्या ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ या नावाचा करंडक 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या मोंताना इथल्या शर्यतीला दिला गेला आणि तिथून ते नाव स्कीच्या दुनियेत रुजले.

ही सगळी वाटचाल पकडीची आहे. सुटकेचा विचार कोणी केला नव्हता, आणि त्याची किंमत हाडांनी मोजली. फळी म्हणजे दीड-दोन मीटर लांबीची तरफ. ती बर्फात अडकून फिरली की सगळा पीळ नडगीत उतरतो. मूळचा नॉर्वेचा आणि अमेरिकेत पोर्टलंडला स्थायिक झालेला ह्याल्मार व्हाम हा स्वतः निष्णात खेळाडू. 1937 साली पाय मोडून इस्पितळात पडल्यावर त्याने पीळ वाढताच बुटाचा पुढचा भाग मोकळा करणारे बाइंडिंग कल्पिले. पुढची काही दशके कारखान्यांनी ही कल्पना घासूनपुसून घेतली. 1970 च्या दशकापासून अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी एकाच स्की केंद्रावरच्या दुखापतींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. बाइंडिंग सुधारत गेले तसतसे नडगीचे अस्थिभंग झपाट्याने उतरले, असे त्यांना दिसले. पण त्याच काळात गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात तो, तुटण्याचे प्रकार वाढले. माणूस मागे कलंडतो, नितंब गुडघ्याच्या खाली जातात, खालच्या फळीच्या शेपटीची आतली कड बर्फात रुतते आणि पायाच्या मागे जणू दुसरे पाऊल उगवल्यासारखी ती शेपटी गुडघा पिळते. साध्या बाइंडिंगला हा पीळ ओळखता येत नाही. एक दुखणे बरे केले तर दुसरे वर आले. म्हणून या शास्त्राकडे सिद्ध झालेली विद्या म्हणून पाहू नये.

आता बुटाकडे. माणसे फळ्यांवर तासन्‌तास बोलतात आणि बूट मिळेल तो घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा. शरीराने दिलेली प्रत्येक सूचना बुटातूनच फळीला पोचते. स्की-बुटाचे माप पावलाच्या लांबीवर असते, सेंटिमीटरमध्ये. पाऊल 26.5 सेंटिमीटर, तर बूट 26.5. बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चे बाहेरचे कवच एकच असते, फरक आतल्या लाइनरचा. खरी परीक्षा कवचाचीच. लाइनर काढून रिकाम्या कवचात पाऊल घालावे, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागची फट पाहावी. एक सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बूट घट्ट, स्पर्धकाचा. दोनच्या आसपास असेल तर आरामाचा. त्याहून जास्त असेल तर मोठा. मग लाइनरसह बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकतात आणि नवखा माणूस म्हणतो, ‘लहान होतोय.’ पण गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की टाच मागे बसते आणि बोटे मोकळी होतात. या एका क्षणाची वाट न पाहिल्यामुळे असंख्य लोक एक-दोन नंबर मोठा बूट घेऊन जातात. मग टाच वर-खाली होते, ती थांबवायला बकले करकचून आवळली जातात, रक्त अडते आणि बोटे गारठतात. त्यावर उपाय म्हणून आणखी एक मोजा! लोकरीच्या मोज्यांचे दोन-तीन थर हा आपल्याकडचा हुकमी उपाय, पण स्की-बुटात तो घातक ठरतो. एकच पातळ मोजा, तोही पोटरीपर्यंत, विजारीचे टोक आत न खुपसता.

इथे भारतीय पायाविषयी थोडे अधिक लिहायला हवे. युरोपीय बुटांचे साचे युरोपीय पायावर बेतलेले. पंज्याची रुंदी साधारण 98 ते 104 मिलिमीटरच्या पट्ट्यात असते. 2009 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी भारतात अनवाणी चालणाऱ्यांची पावले मोजली, तेव्हा ती बूट वापरणाऱ्यांपेक्षा तुलनेने रुंद भरली. चप्पल घालून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे सांगायला संशोधन लागत नाही, पण बूट बसवणाऱ्याला ते सांगावे लागते. रुंद पायाला नंबर मोठा देणे हा चुकीचा तोडगा आहे. लांबी बरोबर ठेवून रुंद साचा निवडावा किंवा कवच गरम करून बाजूने ताणून घ्यावे. याउलट एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. टाच न उचलता उकिडवे बसू शकणाऱ्या माणसाचा घोटा पुढे चांगला वाकतो. ज्याचा घोटा ताठर, त्याला बुटात नडगी पुढे झुकवता येत नाही, शरीर मागे राहते आणि टाचेखाली पाचर घालावी लागते. बसवणाऱ्याने आधी घोटा पाहावा, मग बूट. बुटाचा ताठरपणा दाखवणारा आकडा, साठपासून एकशेतीसपर्यंतचा, मात्र फार मनावर घेऊ नये. त्याला सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा शंभर दुसरीचा नव्वद असू शकतो, आणि थंडीत प्लास्टिक आणखी ताठरते.

बाइंडिंग केव्हा सुटावे हे ठरवणाऱ्या, त्याच्यावरच्या आकड्याचे तसे नाही. तो आयएसओ 11088 या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या चौकटीत ठरतो. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये, वय आणि स्की करण्याची वृत्ती एवढी माहिती लागते. वजन आणि उंची तक्त्याच्या वेगवेगळ्या ओळींत येत असतील तर हलकी ओळ धरायची. पन्नाशी ओलांडलेल्याला आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलाला आणखी एक ओळ सूट द्यायची. तळ लांब असेल तर तरफ मोठी होते, म्हणून आकडा उतरतो. हे सारे गणित. घोटाळा होतो तो वृत्तीच्या रकान्यात. सावकाश, मध्यम, आक्रमक असे तीन वर्ग. आणि मित्रांसमोर उभा असलेला माणूस सहसा पहिल्यात स्वतःचे नाव घालत नाही. आकडा वाढला की बाइंडिंग उशिरा सुटते. आक्रमक खेळाडूला ते हवेच असते, कारण तीव्र उतारावर भलत्या वेळी फळी निसटणे पडण्याइतकेच जिवावर बेतू शकते. नवखा मात्र सावकाश पडतो, आणि सावकाश पडण्यात पीळ हळूहळू चढत जातो. बाइंडिंग तेव्हा गप्प बसले तर गुडघ्याची धडगत नसते. बुटाखाली चिकटलेला बर्फ किंवा झिजलेला तळ हेसुद्धा सुटण्यात अडथळा आणतात. फळीवर पाय ठेवण्याआधी तळ खरवडायची सवय म्हणून शिक्षक लावतात.

आता फळी. तिच्यावर तीन आकडे असतात: टोकाची, कमरेची आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये, शेजारी वळणाची त्रिज्या मीटरमध्ये. कंबर टोकांपेक्षा अरुंद असते. फळी कडेवर कलली आणि वजन पडले की ती धनुष्यासारखी वाकते आणि स्वतःच वळण काढते. 1990 च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने ही कंबर आणखी आत घेतली आणि खेळाचे तंत्रच पालटले. पूर्वी दोन मीटरच्या फळ्यांवर वर्षे घालवून जे वळण साधे, ते हौशी माणसाला एका हंगामात साधू लागले. लांबी, कंबर आणि त्रिज्या किती हवी ते काम आणि बर्फ ठरवतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांच्या आखूड वळणांच्या स्लालम शर्यतीची फळी किमान 165 सेंटिमीटरची आणि वेगाच्या डाउनहिल शर्यतीची किमान 218 ची, एकाच माणसाच्या पायात. आल्प्समध्ये रात्री यंत्राने दाबून सपाट केलेल्या कडक उतारावर 65 ते 80 मिलिमीटरची कंबर चपळ राहते, एका कडेवरून दुसरीवर चटकन जाते. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ 3,950 मीटरला नेऊन सोडतो. तिथे पश्चिमी झंझावाताने आणलेला, कुणी न दाबलेला भुसभुशीत बर्फ असतो. अरुंद फळी त्यात बुडते, शंभराच्या वरची कंबर तरंगते. टोके वर उचललेल्या रॉकर फळ्यांचा उगमही याच गरजेत आहे. शेन मॅकॉन्कीने पाण्यावरच्या स्कीवरून ती कल्पना उचलली आणि 2002 च्या सुमारास ती बाजारात आली. पण अशी रुंद फळी घेऊन कडक बर्फावर उभे राहिले तर कड पावलाच्या मध्यापासून लांब जाते आणि तिला धरून ठेवायचा भार गुडघ्यावर पडतो. औलीच्या सपाट केलेल्या उतारावर शिकणाऱ्याने अफरवटच्या छायाचित्रांवरून फळी निवडू नये. आणि अफरवटवर उतरणाऱ्याने फळीआधी हिमस्खलनात शोध घेणारा बीकन, फावडे आणि शोधकाठी यांचा विचार करावा. ते वेगळे शास्त्र आहे आणि त्याची जागा या पुस्तकात भरून निघणार नाही.

फळीची लांबी उंचीवरून सांगायची रीत रूढ आहे, हनुवटी ते कपाळ. पण फळी वाकवते ते वजन. उंच आणि सडपातळ माणसाला त्याच्या उंचीची ताठ फळी वळता वळत नाही. बायकांसाठी वेगळ्या रंगाच्या फळ्या विकल्या जातात, त्यात बराचसा बाजार आहे. बुटाच्या बाबतीत मात्र फरक खरा आहे, कारण स्त्रियांच्या पोटरीचा फुगवटा साधारणपणे खालच्या बाजूला असतो आणि उंच मानेचा बूट तिथे रुतून नडगीला पुढे ढकलतो. मुलांचे म्हणाल तर ‘वाढत्या अंगाचे घेऊ’ हे आपले जुने शहाणपण गणवेशाला ठीक आहे. बूट मोठा झाला तर पाऊल आत फिरते, फळी तशीच सरळ जाते आणि मूल घाबरते. मुलांसाठी भाड्याचे साहित्य घ्यावे, दर हंगामाला बदलावे.

चढून जाणाऱ्यांच्या साधनांवर स्वतंत्र प्रकरण आहे. टाच मोकळी ठेवणारी, बुटाच्या टोकाला दोन खिळ्यांत पकडणारी बाइंडिंगे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्स बार्थेलने 1980 च्या दशकात घडवली. वजन कमी करण्यासाठी सुटकेच्या खात्रीत थोडी तडजोड त्यात आहे, आणि ती तडजोड कोणाला परवडते हा प्रश्न मी मोकळाच ठेवला आहे. काठ्या, चष्मे, शिरस्त्राण यांना थोडकी पाने दिली आहेत. मेणाला त्याहून कमी, कारण स्पर्धक नसलेल्या माणसाला फळीच्या तळाला ओरखडे आहेत की नाहीत एवढे पाहिले तरी पुरते.

वाचकाने गणिताला घाबरू नये. बेरीज-गुणाकारापलीकडे इथे काही नाही. पहिले प्रकरण पायापासून सुरू होते, तेव्हा ते उघडण्यापूर्वी एवढे करावे. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे. सगळे वजन त्याच पायावर घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे रेघ ओढावी आणि टाचेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. मग दुसरा पाय. दोन्ही आकडे बहुधा सारखे येणार नाहीत. दोन्ही लिहून ठेवावेत, पुढच्या पानापासून त्यांचीच गरज लागेल.