क्रौर्याचे निदान आणि येवल्याची घोषणा

खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ रोजी घडले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर काही ठरावीक शब्द आपल्या कानांवर येतात: विकृत, नराधम, माणुसकीला काळिमा. त्यांमागचा संताप खोटा असतो असे नाही. पण त्या संतापात एक निदान दडलेले असते. हे करणारी माणसे तुमच्याआमच्यासारखी नव्हेत, त्यांच्या मनातच काही बिघडलेले आहे, असे ते निदान. ते तपासायचे तर मानसशास्त्राकडे जावे लागते, आणि येवल्याकडेही.

फ्रान्समधील पिनेल यांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे रुग्ण आढळले की ज्यांची बुद्धी शाबूत होती, पण वर्तन बेभान होते. १८३५ साली इंग्लंडात प्रिचर्ड यांनी अशा अवस्थेला 'नैतिक वेड' म्हटले. पुढे 'सायकोपॅथ' हा शब्द रूढ झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ क्लेक्ली यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात त्याचे चित्र रेखाटले: वरवर शहाणा, बोलायला गोड, आणि आत ना पश्चात्ताप ना दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव. कॅनडातील हेअर यांनी त्याची २० मुद्द्यांची कसोटी केली. ४० पैकी ३० गुण पडले की माणूस या वर्गात मोडतो. असा माणूस भ्रमिष्ट नसतो. आपण काय करीत आहोत हे त्याला पुरते कळते. कारणांचा शोध अजून चालू आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासात वारशाचा वाटा बराच दिसतो. मेंदूत भीती आणि भावना यांच्याशी निगडित भागाचे काम मंद दिसते. बालपणीची मारहाण आणि हेळसांड यांचाही संबंध आढळतो. कोणतेही एक कारण पुरेसे नाही. अशी माणसे शेकडा एकाच्या आसपास असावीत असा अंदाज सांगितला जातो.

आता गावाचा हिशेब करा. वस्तीवर चालून येणारा जमाव शेकडा एकाचा नसतो.

रक्तात गुन्हा शोधण्याची खोड आपल्या लोकांना चांगलीच महागात पडली आहे. इटलीच्या लोंब्रोसो यांनी 'जन्मजात गुन्हेगार' हा सिद्धान्त १८७६ साली मांडला. ब्रिटिश सरकारने त्याआधी पाच वर्षे, १८७१ मध्येच, गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. १९११ नंतर तो सर्व देशभर लागू करता येऊ लागला. पारधी, कैकाडी यांच्या पोटी जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरले. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण हे या शास्त्राचे फळ. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पोलीस ठाण्यातली नजर मात्र रद्द झाली नाही. (जन्मावरून माणसाचे शील ठरविण्याची ही युक्ती इंग्रजांना इथे कोणी शिकवावी लागली नसेल, एवढे खरे!)

म्हणून येवल्याचे महत्त्व. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यामागे बाबासाहेबांचे आणखीही हेतू होते. पण सत्याग्रह या शस्त्राच्या पोटी एक गृहीत असते, समोरच्याला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती जागी होईल हे. त्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड आले. दार पाच वर्षे उघडले नाही. १९३५ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी अस्पृश्यांनी मुलांना शाळेत पाठवण्याचा आग्रह धरला, तर त्यांना मारहाण झाली, बहिष्कार पडला आणि त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले गेले. दोनच महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, येवल्याच्या परिषदेत स्वागताध्यक्ष अमृतराव रणखांबे यांच्या स्वागतानंतर बाबासाहेब सुमारे १०,००० लोकांपुढे उभे राहिले. जन्म कोणत्या धर्मात घ्यावा हे हाती नव्हते, मरण कोणत्या धर्मात यावे हे हाती आहे, अशा अर्थाची घोषणा त्यांनी केली. मंदिराचा सत्याग्रह थांबविण्याचे ठरले.

या घोषणेकडे आपण धर्मांतराच्या इतिहासातील तारीख म्हणूनच पाहतो. वस्तुतः ते कारणमीमांसेचे पाऊल आहे. स्पृश्यांचे क्रौर्य रक्तातले असते, तर धर्म बदलण्याने काय साधणार होते? लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न दिल्या गेलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हे उघड मांडले: हिंदू जात पाळतात ते क्रूर किंवा विपरीत बुद्धीचे आहेत म्हणून नव्हे, तर ते धार्मिक आहेत म्हणून, दोष त्यांना हे शिकविणाऱ्या शास्त्रांचा आहे. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

येल विद्यापीठात मिलग्रॅम यांनी १९६१ पासून केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. पलीकडच्या खोलीतील माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितले गेले. (झटके खोटे होते, देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.) अधिकाऱ्याच्या शब्दाखातर ४० पैकी २६ साध्या माणसांनी ४५० व्होल्टपर्यंत बटणे दाबली. पण त्या माणसाचा हात धरून तो स्वतः पट्टीवर दाबावा लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे शेकडा ३० उरले. स्पर्शाने माणूस थबकतो. आणि आपल्या समाजरचनेने तर स्पर्शच निषिद्ध ठरविला! नाशिकचा दगड, कविठ्याचे रॉकेल, गावोगावचा बहिष्कार, ही सगळी न शिवता वापरायची हत्यारे आहेत. बहिष्कारात तर कोणाला हातही उचलावा लागत नाही. दुकानदाराने मीठ द्यायचे नाही, एवढेच. जिथे प्रत्यक्ष हात पडतात तिथेही त्याआधीचे काम या दुराव्याने करून ठेवलेले असते.

खैरलांजी प्रकरणात २००८ साली सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. दोन्ही ठिकाणी जातीय द्वेष हा हेतू मानला गेला नाही, ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागली नाहीत. खटल्यापुरते आठ माणसांचे कृत्य उरले. 'विकृत' हा शब्द आपण सहज वापरतो तेव्हा आपणही याच हिशेबाला हातभार लावतो. सत्यशोधनासाठी गावात जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी आरोपींच्या स्वभावाची चौकशी जरूर करावी, पण आदल्या आठवड्यात पिठाची गिरणी कोणासाठी बंद होती, पाण्यावरून कोणाशी कोण काय बोलले, आरडाओरड ऐकून कोणती दारे लागली, हेही तारीखवार लिहून आणावे.