वधूची अन्नपूर्णा

मंगलाष्टकांपूर्वी, पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे बसलेली वधू ज्या अंगठ्याएवढ्या पितळी अन्नपूर्णेवर अक्षता वाहते, ती हाती पळी धरलेली मूर्ती माहेरच्या देवघरात न राहता तिच्यासमवेत सासरी जाते आणि तेथील देवांच्या पंक्तीत कायमची बसते. शालू-दागिन्यांच्या याद्या दोन्ही पक्ष कारकुनी दक्षतेने तपासतात. हिचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही, आणि मला तर तीच खरी मिरास वाटते. पेशवाईत मातबर घराण्यांतील स्त्रियांना चोळीबांगडीसाठी गावांचा वसूल लावून दिला जाई. तसली सनद सामान्य गृहस्थाच्या लेकीच्या नशिबी कोठली? तिच्या वाट्याला येई ती ओताऱ्याने ओतलेली ही देवता, आणि पुष्कळ घरांत तिच्या जोडीला रांगता बाळकृष्ण.