संगणकाचे जलशीतन : सुट्या भागांची निवड

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक्स कार्डमध्ये तयार होणारी उष्णता खेळत्या पाण्यातून रेडिएटरपर्यंत नेऊन तेथे हवेत सोडण्याच्या पद्धतीला जलशीतन म्हणतात. कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेल्या संचाला बाजारात ‘एआयओ’ असे नाव आहे. ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्याला देणारा धातूचा ठोकळा), पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या आणि फिटिंग वेगवेगळे विकत घेऊन स्वतः जुळवलेल्या मांडणीला ‘कस्टम लूप’ म्हणतात. या नोंदीत दुसऱ्या प्रकारासाठी भाग कसे निवडावेत याचा विचार केला आहे.

मोठ्या संगणकांना पाण्याची सवय जुनी आहे. आयबीएमच्या १९८० सालच्या ३०८१ या यंत्रात चिपांची उष्णता धातूच्या दट्ट्यांमधून पाणी खेळवलेल्या थंड पट्टीकडे जात असे. पुण्याच्या आयसरमधील सी-डॅकचा ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड राहतो. घरगुती संगणकात ही पद्धत आणली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, नादी लागलेल्या मंडळींनी. मत्स्यपेटीचा पंप, घरी कोरलेला तांब्याचा ब्लॉक आणि भंगारातल्या मोटारीच्या हीटरची जाळी एवढ्यावर त्यांचे काम भागे. १९७७ सालच्या पाँटियाक बॉनव्हिल मोटारीची हीटरची जाळी तर अमेरिकेतील या वर्तुळात नावाजलेली होती. पुढे खास या कामासाठी माल बनवणारे उत्पादक उभे राहिले आणि भाग एकमेकांना जुळू लागले. अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी-५ च्या सर्वांत वेगवान नमुन्यात जलशीतन घातले होते. त्यांतील काही यंत्रे पुढे गळली आणि आतले भाग गंजले.

पाण्याचा फायदा नेमका कुठे होतो हे निवडीआधी समजून घ्यावे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४,१८० जूल लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेला जेमतेम सव्वा जूल पुरतो. म्हणून बोटभर जाडीच्या नळीतून शेकडो वॅट उष्णता सहज वाहून नेता येते. मात्र पाणी उष्णता फक्त वाहून नेते, ती शेवटी सोडावी लागते खोलीतल्या हवेतच. रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी पाणी खोलीच्या तापमानाखाली उतरत नाही. याचा एक लाभ कोकणातल्या पावसाळी दमट हवेत मिळतो. पाणी हवेपेक्षा नेहमी थोडे गरमच असल्याने नळ्यांवर दव धरत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात मात्र हीच मर्यादा जाचते. बंद खोलीत ३८ अंश असतील आणि पाणी त्याहून १२ अंशांनी वर चढले, तर ते ५० अंशांवर पोचते. नेहमीच्या डी-५ पंपाची मर्यादा ६० अंशांची आहे. त्यामुळे विदर्भातल्या खरेदीदाराने थंड प्रदेशातल्या चाचण्यांचे आकडे पाहून रेडिएटर ठरवू नये.

उष्णतेचा हिशोब कागदावर मांडता येतो. इंटेलच्या आय-९ १४९००के प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची ४५० वॅट आहे, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ७०० वॅट. संथ, कमी आवाजाचे पंखे असतील आणि पाणी हवेपेक्षा दहा-एक अंशच वर राहावे अशी इच्छा असेल, तर रेडिएटरच्या १२० मिमी.च्या एका खान्यामागे, म्हणजे एका पंख्याच्या जागेमागे, ८० ते १०० वॅट धरण्याचा ढोबळ संकेत आहे. त्या हिशोबाने सात ते नऊ खाने लागतात. खेळ खेळताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी कमाल मर्यादेला क्वचितच जातात, म्हणून अशा यंत्राला ३६० मिमी.चे दोन रेडिएटर व्यवहारात पुरतात. दिवसरात्र व्हिडिओ रेंडरिंग चालणाऱ्या यंत्राला ही सवलत देऊ नये.

हाच हिशोब आणखी एका समजुतीचा निकाल लावतो. ब्लॉक आधी की रेडिएटर आधी, यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ७०० वॅटने त्याचे तापमान अवघे अडीच अंश वाढते, म्हणजे लूपमध्ये कुठेही पाणी जवळजवळ सारखेच गरम असते. नळ्या जिथून सरळ आणि आखूड जातील तोच क्रम योग्य. एकच पथ्य पाळायचे : टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्या वर हवी. पंपाचा बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतो आणि कोरडा फिरला की खराब होतो.

खरेदी ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकपासून सुरू करावी, कारण सगळ्यांत कमी पर्याय तिथे असतात. प्रोसेसरचा ब्लॉक सॉकेटप्रमाणे बदलतो आणि बहुधा त्यासाठीची पट्टी वेगळी मिळते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर छिद्रांमधले अंतर ७८ मिमी. आहे, आधीच्या एलजीए १२०० वर ते ७५ मिमी. होते, एवढे पाहिले की बरेचसे काम झाले. कार्डाचा पूर्ण ब्लॉक मात्र त्या एका छापील सर्किट बोर्डासाठीच कोरलेला असतो. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डे घेतली तर मेमरी, कॉइल आणि स्क्रू यांच्या जागा वेगळ्या निघतात. केवळ ‘४०९० साठी’ एवढे वाचून ब्लॉक मागवणाऱ्याची फसगत ठरलेली. कार्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक, आणि शक्य असेल तर बोर्डाची आवृत्ती, ब्लॉकच्या उत्पादकाच्या यादीशी ताडून पाहावी. मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. काही विक्रेते स्क्रूवरचे स्टिकर फाटलेले दिसले की हात वर करतात.

रेडिएटरच्या बाबतीत कॅबिनेटच्या माहितीपत्रकापेक्षा मोजपट्टीवर भरवसा ठेवावा. ‘वर ३६० बसतो’ असे छापलेले असते. पण ३० मिमी. जाडीचा रेडिएटर आणि २५ मिमी.चा पंखा मिळून ५५ मिमी. जागा खाली उतरते आणि तिथे मदरबोर्डचे हीटसिंक किंवा उंच रॅम आडवी येते. जाडीपेक्षा क्षेत्रफळ महत्त्वाचे. ६० मिमी. जाडीच्या रेडिएटरचा खरा उपयोग पंखे जोरात फिरवले तरच होतो. १४० मिमी.चे पंखे जमत असतील तर आधी त्यांचा विचार करावा. ४२० मिमी.च्या रेडिएटरचे क्षेत्रफळ ३६० वाल्याहून ३६ टक्के जास्त भरते, आणि दोनच पंख्यांचा २८० देखील ३६० च्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतो. पंखे जाळीतून हवा ढकलू शकणारे, म्हणजे स्थिर दाबाचे घ्यावेत. फक्त हवेचा मोठा आकडा असलेला पंखा दाट जाळीपुढे दमतो.

इथे एका स्क्रूविषयी लिहिणे भाग आहे. पंखा रेडिएटरला जोडण्यासाठी २५ मिमी. जाडीमागे ३० मिमी.चा स्क्रू येतो. तोच स्क्रू पंख्याशिवाय, कॅबिनेटचा पत्रा थेट रेडिएटरला जोडायला वापरला तर त्याचे टोक जाळीमागच्या पाण्याच्या चपट्या नळीत घुसते. नवाकोरा रेडिएटर पहिल्याच दिवशी गळू लागण्याचे हे नेहमीचे कारण आहे. पत्र्यासाठीचे पाच-सहा मिमी.चे स्क्रू वेगळ्या पुडीत असतात, ते आधीच बाजूला काढावेत. काही उत्पादक छिद्रांच्या मागे संरक्षक पट्टी देतात. अशा रेडिएटरला थोडे जास्त पैसे पडले तरी ते वसूल होतात.

पंपात डी-५ आणि डीडीसी ही दोन घराणी वर्षानुवर्षे टिकून आहेत. दोन्हींचे मूळ लाइंग या जर्मन कंपनीत आहे, ती आज झायलेम समूहाकडे आहे. डी-५ आकाराने मोठा, शांत आणि दीर्घायुषी. डीडीसी लहान, पण त्याच्या ताकदवान आवृत्त्या अधिक दाब देतात आणि तळाशी चांगल्याच तापतात. छोट्या कॅबिनेटची अडचण नसेल तर डी-५ घ्यावा, फार विचार करू नये. पूर्ण वेगात तो वीस वॅटच्या पुढे वीज घेतो. मदरबोर्डवरचा पंख्याचा साधा हेडर एक अँपिअर, म्हणजे बारा वॅट देतो. म्हणून पंपाची वीज थेट एसएमपीएसमधून घ्यावी आणि हेडरला फक्त वेगनियंत्रणाची तार जोडावी. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानावर बांधावा. प्रोसेसरचे तापमान क्षणात वीस अंश उडी मारते, पाणी मात्र सावकाश तापते, त्यामुळे पंखे उगाच घोंघावत नाहीत. त्यासाठी लागणारा पाण्याचा सेन्सर स्वस्त असतो.

बिघाडांची मुळे मात्र उष्णतेत कमी आणि रसायनात जास्त सापडतात. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की दोहोंत विद्युतघट तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. पांढरट गाळ ब्लॉकच्या खाचांत बसतो आणि रेडिएटरला बारीक छिद्रे पडतात. बहुतेक एआयओंचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. सीलबंद पाण्यातल्या गंजरोधकाच्या जोरावर ते चालतात, पण जुन्या एआयओचा रेडिएटर काढून तांब्याच्या ब्लॉकला जोडण्याची काटकसर अंगाशी येते. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा यांची संगत चालते. रेडिएटर ‘तांब्याचा’ म्हणून विकला जात असेल तर नळ्या आणि टोकांच्या पेट्याही तांब्या-पितळेच्या आहेत ना, हे विचारावे. जाळी तांब्याची आणि पेटी अ‍ॅल्युमिनियमची असा माल बाजारात सापडतो. फिटिंगच्या बाबतीत तर स्वस्त सौद्यात धातूचे नावच लिहिलेले नसते. तेथून घेऊ नये.

एके काळी शेवाळ रोखायला लूपमध्ये शुद्ध चांदीची गुंडाळी टाकत. निकेलच्या मुलाम्याचे पोपडे निघाल्याच्या तक्रारी आल्यावर काही उत्पादकांनी ती वापरू नये असे सांगितले. आज जंतुनाशक आणि गंजरोधक मिसळलेले तयार कूलंट मिळते आणि तेच भरणे शहाणपणाचे. नुसते डिस्टिल्ड पाणी उष्णता उत्तम वाहते, पण धातूंचे रक्षण करत नाही. घरच्या आरओचे पाणी पिण्याला चांगले, लूपला नाही, कारण त्यात क्षार उरतातच. ते टीडीएस मीटरवर दिसतात. मोटारीचे कूलंटही टाकू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर गळतीचा धोका केवळ मदरबोर्डपुरता राहत नाही. दुधाळ, मोत्यासारखे चमकणारे रंगीत द्रव छायाचित्रात देखणे दिसतात. त्यांतले कण मिलिमीटरहून कितीतरी बारीक खाचांत साठतात आणि वर्षभरात ब्लॉक उघडून दातांच्या ब्रशने घासायची वेळ येते. ‘वीज न वाहणारे’ या जाहिरातीवरही विसंबू नये. द्रव धातूंतून फिरला की त्यात आयन उतरतात आणि तो गुण ओसरतो.

नळ्यांचा प्रश्न अर्धा आवडीचा आहे. पहिल्यांदाच लूप जुळवणाऱ्याने मऊ नळी घ्यावी : ती कात्रीने कापता येते आणि माप चुकले तर दुसरा तुकडा कापता येतो. पारदर्शक पीव्हीसी नळीतला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो, नळी धुरकट होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो. काळ्या ईपीडीएम रबरी नळीला हा दोष नाही. ती दिसायला ओबडधोबड असली तरी वर्षानुवर्षे विसरून जाता येते. पीईटीजी आणि अ‍ॅक्रिलिकच्या कडक नळ्या हीटगनने वाकवाव्या लागतात. पीईटीजी वाकवायला सोपी, पण गरम पाण्याने आधी मऊ पडणारी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक बरे.

फिटिंग घेताना नळीचा आतला आणि बाहेरचा असे दोन्ही व्यास पाहावेत. १०/१३ ची फिटिंग १०/१६ च्या नळीवर बसत नाही. भागांवरची छिद्रे जवळजवळ सर्वत्र जी १/४ आट्यांची असतात. तिथे पाणी अडवते ती रबरी ओ-रिंग, आटे नव्हेत. म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू नये आणि पान्हा लावू नये. बोटांनी घट्ट होईल तेवढे पुरे, त्यापुढे अ‍ॅक्रिलिकचे झाकण तडकते. संख्येचा अंदाज आधीच काढावा. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-टाकी एवढ्यालाच दहा फिटिंग लागतात. कोपऱ्यांचे वळणदार तुकडे, बुचे आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह वेगळे. नवख्याचे बजेट कोलमडते ते बहुधा याच बारीकसारीक मालावर.

जुळवणीआधी नवा रेडिएटर कोमट पाण्याने भरून हलवून धुवावा. पहिल्या पाण्याबरोबर झाळणीचा फ्लक्स आणि धातूचा कीस बाहेर पडतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करून शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळावे. लूप भरताना मदरबोर्डला वीज देऊ नये. एसएमपीएस जंपरने चालू करून केवळ पंप फिरवावा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यूपेपर ठेवावा आणि काही तास ओल येते का पाहावी. हवेच्या दाबाने गळती तपासायचा छोटा हातपंप मिळाला तर पाणी भरण्याआधीच दोष कळतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एआयओ सहज मिळतात, पण कस्टम लूपचा माल मोजक्याच दुकानांत असतो आणि बराचसा मागवावा लागतो. म्हणून दोन फिटिंग आणि ओ-रिंगांची एक पुडी जास्तीची घ्यावी. केवळ प्रोसेसर थंड करायचा असेल तर हा खटाटोप करू नये. चांगला हवेचा कूलर किंवा ३६० मिमी.चा एआयओ कमी खर्चात तेच काम करतो. ज्याचे ग्राफिक्स कार्ड साडेचारशे वॅट खाते, ज्याला आवाज नको आहे आणि जो दरवर्षी एक रविवार पाणी बदलायला देईल, त्यानेच कस्टम लूप घ्यावा, आणि त्यात सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून बसवावा.