चितमपल्ली, मारुती भुजंगराव

(५ नोव्हेंबर १९३२ – १८ जून २०२५). वनाधिकारी, पक्षी-अभ्यासक, कोशकार व ललित लेखक. जन्म आणि मृत्यू सोलापूर येथे. भंडारा जिल्ह्यातील नवेगावबांध व नागझिरा या दोन वनक्षेत्रांच्या विकासात त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. मराठीत अरण्यविषयक लेखनाची जी स्वतंत्र परंपरा आहे, तिच्यातही त्यांचे स्थान अग्रभागी आहे. (१ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि नवेगावबांध त्यात गेले. पुढे ‘भंडारा’ असे म्हटले आहे ते या जुन्या, अविभक्त जिल्ह्यास अनुसरून.)

शिक्षण व आरंभीची सेवा : चितमपल्लींचे घर तेलुगू भाषक. शिक्षण सोलापुरात, नॉर्थकोट प्रशाला व दयानंद महाविद्यालयात झाले. कोइमतूर येथील वनमहाविद्यालयात त्यांनी १९५८ ते १९६० या काळात प्रशिक्षण घेतले आणि वनक्षेत्रपाल म्हणून ते वनखात्यात रुजू झाले. ढेबेवाडी, वडगाव मावळ, महाबळेश्वर, पुणे, नांदेड अशा त्यांच्या बदल्या होत राहिल्या. रायगड जिल्ह्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. बदलीच्या गावी पारंपरिक शास्त्री मंडळींकडे बसून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, शिवाय जर्मन व रशियन या भाषाही अभ्यासल्या. त्यांना अवगत असलेल्या भाषांची संख्या निरनिराळी सांगितली जाते.

नवेगावबांध : विदर्भातील पूर्वेकडच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, भंडाऱ्याची दुसरी ओळख तळ्यांचा जिल्हा अशी. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, सहा हजारांहून अधिक आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा सर्वांत मोठा. सरकारी अभियंता या भागात पोचण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या. जादा पाणी जाण्यासाठी सलंग ठेवली, शेताला पाणी सोडण्यासाठी तुडुम बसवले. तुडुमाला वरपासून खालपर्यंत भोके असतात व ती लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असतात. तळ्याचे पाणी उतरेल तसतशी एकेक खालची खुंटी काढायची, इतकी ती साधी आणि नेमकी रचना आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी घातला, असे मानले जाते. भोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. पाळ टिकावी म्हणून या बहिणींची मनधरणी करावी लागली, अशी कथा आहे. कोलू पाटलांना पुढे लोकांनी ‘कोलासूर’ म्हणून देवत्व दिले. तळे बांधणाऱ्याचा देव होतो, ही गोष्ट या भागाच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते.

चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे आले तेव्हा नवेगावची ख्याती शिकारीसाठीही होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होईपर्यंत जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. परवाना घेऊन बाहेरचे शिकारी येत. मचाण बांधायला, हाके घालायला, जखमी जनावराचा माग काढायला गावची माणसे लागत. म्हणजे जंगलाचे सर्वांत बारीक ज्ञान शिकारीच्या पदरी चाकरीला होते. ते ज्ञान संरक्षणाच्या बाजूला कसे वळवावे, हा नव्या वनाधिकाऱ्यापुढचा खरा प्रश्न. चितमपल्लींनी त्याचे उत्तर माणसांपाशी बसून शोधले. गावचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांतले पहिले नाव. माधवराव पूर्वी स्वतः शिकारी. तळ्यावर कोणता पक्षी कोणत्या पंधरवड्यात उतरतो, कुठे रात्र काढतो, कोणत्या झाडीत घरटे करतो, हे त्यांना तोंडपाठ होते. चितमपल्लींच्या पुस्तकांत माधवराव पुन्हापुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी येतात ते गुरूच्या जागी. अधिकारी सांगतो आणि पाटील ऐकतो, हा खात्याचा रिवाज येथे उलटला. नवेगावबांधचा एवढा वृत्तान्त आज वाचायला मिळतो तो या उलटलेल्या नात्यामुळे, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे.

माधवरावांच्या बरोबरीने तळ्यावर जाळे टाकणारे ढीवर, जंगलातले गोंड आणि भटके पारधी यांच्याकडूनही त्यांनी माहिती घेतली. उथळ पाण्यात आपोआप उगवणारे देवधान, कमळकंद, शिंगाडा, पाणवनस्पतींच्या मुळांशी अंडी घालणारे मासे आणि त्या माशांवर जगणारे पाणपक्षी ही एकच साखळी आहे, हे ढीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. देवधानाचे दाणे पिकताच ओंबीतून गळतात. हात लावायला उशीर झाला की दाणा पाण्यात गेला. असा दाणा माणसाच्या वाट्याला थोडा आणि बदकांच्या वाट्याला जास्त येतो. हिवाळ्यात तळ्यावर उतरणारी तलवार बदके, लालसरी, चक्रवाक यांना ही उथळ, गवताळ किनार हवी असते, नुसता पाण्याचा विस्तार पुरत नाही. हळदीकुंकू बदक व जांभळी पाणकोंबडी बाराही महिने येथेच असतात. महाराष्ट्रात सारस आज टिकून आहे तो मुख्यतः याच पट्ट्यात, धानाच्या बांद्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये. गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालणाऱ्या या पक्ष्याचे जगणे-मरणे शेतकऱ्याच्या हाती आहे.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले, क्षेत्रफळ १३३.८८ चौ. किमी. जलाशय सुमारे ११ चौ. किमी. आहे. तेथील पक्षी अभयारण्यास पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव दिलेले आहे.

नागझिरा : चितमपल्लींचा वाटा असलेले हे दुसरे वनक्षेत्र. अभयारण्याची घोषणा १९७०, क्षेत्रफळ १५२.८१ चौ. किमी. रानगवे, अस्वले, रानकुत्री, बिबटे व वाघ येथे आहेत. व्यंकटेश माडगूळकर यांनी याच रानावर नागझिरा (१९७९) हे पुस्तक लिहिले. नवेगाव व नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला.

मेळघाट : येथील व्याघ्र प्रकल्पात त्यांनी काम केले. निवृत्ती १९९०.

शब्दसंग्रह : चितमपल्लींनी मराठीला एक लाख शब्द दिले, असे गौरवाने सांगितले जाते. संख्या बाजूला ठेवली तरी एक भेद करायला हवा. काही शब्द त्यांनी घडवले, पण त्याहून कितीतरी अधिक त्यांनी वेचले. आणि वेचलेले शब्द ज्यांचे होते, त्यांचे नाव त्यांनी सहसा लपवले नाही. घडवलेल्यांत ‘काकागार’ व ‘सारंगागार’ हे दोन प्रसिद्ध आहेत. कावळ्यांच्या वसाहतीला पहिला, तर बगळे, ढोकरी, पाणकावळे अशा पक्ष्यांनी एकत्र घरटी केलेल्या झाडांना दुसरा. गावाकाठच्या चिंचेवर अशी वसाहत असली की फांद्या विष्ठेने पांढऱ्या पडतात, खाली अर्धवट गिळलेले मासे पडलेले असतात, पिलांच्या कलकलाटात शेजारचे बोलणे ऐकू येत नाही. हे दृश्य शतकानुशतके दिसत असूनही प्रमाण मराठीत त्याला एका शब्दाचे नाव नव्हते. नाव मिळाल्यावर गोष्ट मोजता येते, नकाशावर दाखवता येते, तोडायला आलेल्या माणसाला अडवून ‘हे सारंगागार आहे’ असे म्हणता येते. कोशकार आणि वनरक्षक ही त्यांची दोन कामे वेगळी नव्हती, हे येथे दिसते.

पक्षिकोश (२००२), प्राणिकोश, मत्स्यकोश व वृक्षकोश ही या वेचणीची फळे. पक्षिकोशात एकेका पक्ष्याची प्रादेशिक, बोलींतील व संस्कृत नावे एकत्र आणली आहेत. झाडीबोलीतली नावे छापील पानावर येण्याच्या दृष्टीने या कामाचे मोल फार आहे. हंसदेव या जैन ग्रंथकाराच्या संस्कृत मृगपक्षिशास्त्राचे मराठी रूप (१९९३) हेही याच प्रवाहातले.

ललित लेखन : पक्षी जाय दिगंतरा (१९८३), जंगलाचं देणं (१९८५), रानवाटा (१९९१), रातवा (१९९३), शब्दांचं धन (१९९३), घरट्यापलीकडे (१९९५), केशराचा पाऊस (२००५), नवेगावबांधचे दिवस इत्यादी. चकवाचांदण : एक वनोपनिषद (२००५) हे आत्मचरित्र. निळावंती (२००२) ही पशुपक्ष्यांच्या भाषेविषयीच्या लोककथेवर उभी आहे. त्यांच्या ललित लेखनात निरीक्षण, ऐकीव माहिती व लोकसमजूत यांच्या सीमा अनेकदा पुसट होतात. पक्षिशास्त्राचा पुरावा म्हणून ते उद्धृत करताना हा भेद राखणे इष्ट. मात्र ऐकीव माहिती गाळली असती, तर ढीवरांचे व पारध्यांचे अर्धे ज्ञान कागदावर आलेच नसते, हेही तितकेच खरे.

सन्मान : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद (७९वे, सोलापूर, २००६), पद्मश्री (२०२५).

उत्तरकाळ : निवृत्तीनंतर ते दीर्घकाळ विदर्भात राहिले व अखेरच्या वर्षांत सोलापूरला परतले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सलीम अलींचा १२ नोव्हेंबर यांमधील आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. २०२० पासून त्यास शासनमान्यता आहे. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत ढीवरांच्या साहाय्याने स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे आणि गावठी मासे परत आणण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने पुढे हाती घेतले. कोणत्या तळ्यात कोणती वनस्पती पूर्वी होती, हे तेथेही जाळे टाकणाऱ्यांनाच विचारावे लागले.