वरच्या खाचराचे पाणी

महाडच्या पाण्याविषयी बोलावयास उभे राहिलेल्या माणसाला चवदार तळ्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही, आणि आम्हांला तसे जावयाचेही नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले करावेत असे ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे कागदावर खुले केले. कागदावरचे पाणी कोणाची तहान भागवीत नाही. ते ओंजळीत येण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यात उतरली व पाणी प्याली.

हा इतिहास आपणां सर्वांस पाठ आहे. पण त्यानंतर काय झाले याकडे आज जरा निराळ्या नजरेने पाहावे अशी आमची विनंती आहे. गावातील सनातनी मंडळींनी तळे बाटले असे ठरविले. १०८ घागरी पाणी काढून त्यांत दूध, दही, शेण आणि गोमूत्र घातले व मंत्र म्हणत त्या घागरी पुन्हा तळ्यात बुडविल्या. तळे शुद्ध झाले! माणसाचा हात लागल्याने पाण्याला काहीही होत नाही. शेण, मूत्र आणि दूध साचलेल्या पाण्यात पडले म्हणजे मात्र ते कुजते आणि पाण्यातील प्राणवायू खाते. हे आज शाळेतील मुलगाही सांगेल. चार-पाच एकरांच्या तळ्याला १०८ घागरींनी फारसे काही झाले नसेल हेही खरेच. तरी पण ज्याने पाणी बिघडत नाही त्याला विटाळ म्हणावयाचे आणि ज्याने बिघडते त्याला शुद्धी म्हणावयाचे, ही खोड आपण तेव्हा दाखविली. ती अजून पुरती गेलेली नाही, असे आमचे मत आहे.

पुढे नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला, प्रकरण कोर्टात गेले. डिसेंबरात डॉ. आंबेडकर बोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले आणि दुसरी परिषद भरली. कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून त्या वेळी तळ्यावर जाणे तहकूब झाले. निकाल लागता लागता दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. पाणी कोणी घ्यावे या प्रश्नाचे कायद्याने उत्तर मिळाले. पाण्यात कोणी काय सोडावे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता, कारण तळ्याला वरचे गाव नसते. नदीला असते.

आपली सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते, तेथून महाडला, आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. उगमाकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे तीन हजारांहून अधिक, आणि तोही सारा चार महिन्यांत. उतारावर नाचणी-वरी, खाली पायऱ्यांसारखी भाताची खाचरे. एका खाचरातले पाणी बांधावरून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, शेवटी पऱ्यात आणि पऱ्यातून नदीत. वरच्या खाचरवाल्याने पाणी अडविले तर खालच्याशी भांडण होते. ते भांडण कोकणात नवे नाही. पण वरच्याने पाण्यात काही मिसळले तर खालच्याला ते दिसतही नाही, मग भांडणार कशाच्या आधारावर?

पूर्वी मिसळण्यासारखे थोडे होते. शेतकरी ऐनाचा टहाळ तोडून, शेण व गवत पसरून राब भाजीत असे आणि त्यावर रोप करी. शेताचे खत डोंगरावरून येई. डोंगरावर सरकारी जंगलखात्याचा हात पडला तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतका बोभाटा झाला की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. ज्या कुळाला डोंगरावरचा टहाळ तोडू द्यावयाचा नाही आणि शेतावरचे निम्मे पीक खोताला द्यावयाचे, त्याने जमिनीची मशागत कशाच्या जोरावर करावी? डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती बंद करण्याचे बिल आणले, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. जमीन कुळाच्या नावावर झाली, डोंगर मात्र उघडा पडत गेला. मग गोणी आली.

आम्ही गोणीचे शत्रू नव्हे. हवेतील नत्र पकडून खत करण्याची युक्ती जर्मनीत १९१३ साली कारखान्यात उतरली, आणि तिच्यावाचून आजच्या जगाची निम्मी पोटे उपाशी राहतील. आपल्याच जिल्ह्यात थळ येथे १९८५ पासून युरिया तयार होतो. त्या घामात आमच्या वर्गाचाही वाटा आहे. प्रश्न गोणी कशी रिकामी होते याचा आहे. लावणी झाल्यावर उभ्या पाण्यात युरिया फोकून द्यावयाचा ही आपली रीत. भाताच्या मुळांना त्यातील साधारण तिसरा हिस्सा मिळतो. उरलेला काही हवेत उडतो, काही झिरपतो, आणि त्याच रात्री आषाढाची झड आली तर बांधावरून सरळ पऱ्यात जातो. खालच्या डोहात शेवाळ माजते. विहिरीत नायट्रेट उतरते, आणि ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले म्हणजे आपल्या मानकाप्रमाणे ते पाणी पिण्यास योग्य नाही. तान्ह्या मुलांना तर त्याचा विशेष धोका. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. त्याने विरघळलेल्या खताचे रूपांतर मंदावते. फोकलेले खत वाहून जावयाचे काही थांबत नाही.

आता तणनाशकाचे पाहा. येथे आमच्या धंद्याचा इतिहास आडवा येतो. महाड-पोलादपूरचा पुरुष पिढ्यानुपिढ्या मुंबईच्या गिरणीत गेला आणि घरची बेणणी बायकांनी केली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यातून गिरणी पुन्हा सावरली नाही. कोणी परत आले, पण त्यांची मुले पुन्हा बाहेर गेली, कोणी सुरतेस, कोणी पनवेलीस, कोणी येथल्याच रासायनिक वसाहतीत. गावात उरल्या म्हाताऱ्या बायका. बेणणीला माणूस मिळेना तेव्हा पाठीवरचा पंप आला. आम्ही स्वतः पाहिले आहे, फवारणी झाली की पंप पऱ्यात बुचकळून धुतात, कारण पाणी तेथेच असते. तो धुणारा दुष्ट नाही. त्याला दोन वाजताची पाळी गाठावयाची असते!

हे सारे आमच्या ध्यानी फार उशिरा आले, आणि ज्या प्रसंगाने आले तो सांगणे प्राप्त आहे. एका कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठच्या लोकांनी तक्रार केली होती आणि वाटाघाटीत तो विषय निघाला. तेथील व्यवस्थापक म्हणाला, "आमच्या नळाचा नमुना घेता येतो. तुमच्या कामगारांच्या शेतांचा घ्याल का?" आम्ही त्याला सडेतोड उत्तर दिले, लोकांनी टाळ्या दिल्या. घरी जाताना मात्र वाटले की उत्तर सडेतोड होते, पण उत्तर नव्हते. आणखी एक कबुली. त्याच कारखान्यात पूर्वी रात्रपाळीला नाल्यात काय सुटते हे आमच्या सोबत्यांना ठाऊक होते, आम्हांलाही होते. कारखाना बंद पडला तर चुली विझतील या भयाने आम्ही तोंड उघडले नाही. भय खोटे नव्हते. मौन मात्र आमचे होते.

त्या व्यवस्थापकाचे अर्धे म्हणणे खरे होते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले, १९७४ साली केंद्राचा कायदा आला. कायद्याची भाषा व्यापक आहे, कोणीही प्रवाहात विषारी द्रव्य सोडू नये असेच ती म्हणते. पण सारी यंत्रणा उभी आहे ती नळाच्या तोंडाशी: संमतिपत्र, नमुना, नोटीस. शेताला नळ नसतो. हजार बांधांवरून थोडे थोडे येते, आणि दोषी कोण म्हणून विचारावे तर कोणीच नाही, सगळेच. पोलादपूर तालुक्यात रानबाजिरे येथे सावित्रीचे पाणी अडविले आहे आणि ते औद्योगिक वसाहतीकडे येते. म्हणजे जो माणूस सकाळी वरच्या खाचरात खत फोकतो तोच दुपारी खाली कारखान्याच्या नळाला तोंड लावतो. वरचा आणि खालचा एकाच सदऱ्यात!

अशा ठिकाणी फौजदाराचा उपयोग नाही. उपयोग आहे तो कराराचा, आणि याचे उदाहरण आम्हांला फार दूर सापडले. न्यूयॉर्क शहर शंभर मैलांहून दूरच्या डोंगरांतले पाणी पिते. त्या कॅटस्किल डोंगरांत दुधाचा धंदा करणारे शेतकरी आहेत आणि गुरांचे शेण पावसाने ओढ्यांत जाते. पाणी गाळण्याचा अवाढव्य प्रकल्प बांधावयाचा तर कित्येक अब्ज डॉलर खर्च. १९९० साली शहराने शेतकऱ्यांवर निर्बंधांचा मसुदा काढला आणि सारा डोंगर खवळला. मग शहाणपण सुचले. उभय पक्ष बसले. १९९३ मध्ये शेतकऱ्यांची स्वतःची परिषद उभी राहिली. प्रत्येक शेताची योजना शेतकऱ्याच्या संमतीने करावयाची, शेणाचे खड्डे, ओढ्याकाठची कुंपणे, गुरांसाठी निराळे पाणवठे, आणि खर्च शहराने द्यावयाचा. १९९७ साली शहर, राज्य व वरची गावे यांचा मोठा करार झाला. डोंगरातले ते पाणी शहर आजही त्या प्रकल्पावाचून वापरते. आम्ही आयुष्यभर करार केले आहेत, म्हणून सांगतो: पिणाऱ्याने पैसे मोजले आणि पिकविणाऱ्याने शिस्त मोजली, म्हणून तो टिकला. नुसत्या उपदेशावर एकही करार टिकल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडे हातात घेण्यासारखे काही आहे काय? आहे, आणि ते कोकणातलेच आहे. डॉ. नारायण सावंत या शास्त्रज्ञांनी चारसूत्री भातलागवड सांगितली. पेंढा, तूस यांचा शेतातच फेरवापर. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीपूर्वी खाचरात. १५ आणि २५ सेंटिमीटरांच्या आलटून-पालटून अंतराने लावणी. आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, पावणेतीन ग्रॅमची, हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोवावयाची. गोळी चिखलात गाडली गेली की खत वरच्या पाण्यात फारसे येत नाही. बांधावरून वाहावयास उरतेच थोडे. खत कमी लागते आणि पीक वाढते. यातील पाल्याचे सूत्र आमच्या मनाला विशेष भावते, कारण डोंगरावरचा टहाळ गेला त्याच्या जागी बांधावरचा आला.

आता अडचण ऐका, कारण सभेत गोड बोलून उठणे आम्हांला जमत नाही. आमच्या चार सोबत्यांनी पोलादपूरकडच्या आपल्या शेतांत हे करून पाहिले. दोघांनी दुसऱ्या वर्षी सोडले. कारण सरळ होते: भर पावसात ओणवे राहून प्रत्येक गोळी खोवावयास माणसे लागतात, आणि माणसे नाहीत म्हणूनच तर पंप आला होता. एकाच्या बायकोने आम्हांला विचारले, "भाऊ, पाणी तुमच्या शहराचं साफ होणार, आणि पाठ माझी मोडणार, होय ना?" या प्रश्नाला न्यूयॉर्ककरांनी उत्तर दिले होते. महाडकरांनी अजून दिलेले नाही. गोळी खोवण्याची जादा मजुरी शहराने, वसाहतीने आणि सोसायटीने मिळून द्यावी, त्या बदल्यात पऱ्यालगतच्या पट्ट्यात तणनाशक मारू नये आणि पंप पऱ्यात धुऊ नये, एवढाच मसुदा आम्ही मांडतो. पाणी तपासण्याचे साधे संच जल जीवन मिशनमुळे गावोगावच्या बायकांच्या हाती आले आहेत. नायट्रेटचा आकडा त्यांनीच काढावा आणि तो पावसाळ्यात दर महिन्याला महाडच्या बाजारपेठेत फळ्यावर लिहावा. वरच्या गावाचा आकडा खालच्या गावाने वाचला, तर पुढील बोलणे सुरू होईल.

उरलेल्या दोघांचे चालू आहे. त्यांच्या बांधावरची गिरिपुष्पाची कलमे आता पुरुषभर झाली आहेत, आणि त्यांची पहिली छाटणी या जूनमध्ये, चिखलणीच्या आधी आठ दिवस, व्हावयाची आहे.