डेन
डेन : उत्तर यूरोपातील डेन्मार्क देशाचा, डॅनिश भाषा बोलणारा जर्मानिक लोकसमूह. इ. स. सहाव्या शतकातील लेखनात त्यांचा उल्लेख आढळतो. दहाव्या शतकात राजा हाराल्ड ब्लूटूथ याने येलिंग येथे उभारलेल्या रूनिक शिलालेखात देशाचे नाव आणि डेन लोकांच्या ख्रिस्तीकरणाची नोंद आहे (पहा : व्हायकिंग). यटलंड द्वीपकल्प व ४०० हून अधिक बेटे मिळून बनलेल्या या देशाची राजधानी कोपनहेगन, लोकसंख्या सु. ६० लक्ष.

डॅनिश ही स्वीडिश व नॉर्वेजियन यांना जवळची उत्तर जर्मानिक भाषा (पहा : नॉर्वेजियन भाषा, स्वीडिश भाषा). तीत सामान्य व नपुंसक अशी दोनच लिंगे असून निश्चयवाचक उपपद नामाच्या शेवटी जोडतात. कंठात क्षणभर अडणारा ‘स्टोड’ हा उच्चार अर्थभेदक ठरतो. विशेष लक्षणीय आहे ती संख्यावाचकांची घडण : पन्नास म्हणजे अडीच विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. ५० ते ९० या दशकांची नावे अशी विसांवर बेतलेली आहेत.

भारतात डेन लोकांनी १६२० मध्ये तरंगमबाडी येथे वसाहत केली. ती १८४५ मध्ये श्रीरामपूरसह (बंगाल) इंग्रजांना विकण्यात आली.